कान कधी घडतो?



गेल्या वर्षीच्या शाळाप्रवेशाच्या दिवसांतली गोष्ट. पेडणे तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत एक आजी, त्यांची सून आणि नात अशा तिघीजणी आल्या. दिवस उकाड्याचे, तरी मुलीच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. नावनिशी लिहून झाली. जन्म २०२० च्या एप्रिलमधल्या तिसऱ्या आठवड्यातला, म्हणजे टाळेबंदीच्या ऐन काळातला. मी सहज म्हणालो, "रुमाल सोडा की, उकडत असेल पोरीला." सून खाली बघू लागली. शेवटी आजींनीच गाठ सोडली. उजव्या बाजूला कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी कातडीची एक वळी होती आणि आत जाणारे छिद्र मुळीच नव्हते. डावा कान मात्र सुरेख, त्यात सोन्याची बारीक बाळी.

"ग्रहण भोवलं, मास्तर," आजी म्हणाल्या. "सहावा महिना चालू होता. सकाळी ग्रहण लागलेलं आणि ही विळीवर भाजी चिरत बसली. सांगून ऐकलं नाही."

ते ग्रहण मलाही आठवत होते. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण. दक्षिणेत ते कंकणाकृती दिसले, आपल्याकडे खंडग्रास. मी मुलांना त्याची सावली पुठ्ठ्याच्या भोकातून कागदावर पाडून दाखविली होती. त्याच सकाळी कोणा घरी एका बाईच्या माथी जन्मभराचा दोष चिकटत होता, याची मला कल्पना असण्याचे कारण नव्हते. सून एक शब्दही बोलली नाही. पाच वर्षे ती हे ऐकत आली असावी.

मी डॉक्टर नव्हे; मुलांना विज्ञान शिकविणारा एक शाळामास्तर आहे. परंतु त्या दिवशी मला आजींना नीट उत्तर देता आले नाही, हे मनाला लागून राहिले. मग पुस्तके काढली, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

आपण ज्याला कान म्हणतो, ज्यात बाळी घालतो, ज्याच्यावर पूर्वी सोनार आणि मास्तर या दोघांचाच काय तो हक्क असे, तो वस्तुतः कानाचा नुसता उंबरठा होय. कानाचे घर तीन खोल्यांचे आहे: बाहेरचा कान, मधला कान आणि आतला कान. बाहेरच्या कानात ती वळणावळणाची पाळी आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी येते. पाळीच्या आत लवचिक कूर्चा असते, म्हणून ती मुडपली तरी पुन्हा ताठ होते. खालच्या लोंबत्या भागात तेवढी कूर्चा नसते आणि म्हणूनच कान टोचायला ती जागा सोयीची. नळीतला मळ हा शरीराने आपणहून केलेला बंदोबस्त आहे. तो काडीने, किल्लीने किंवा केसांच्या पिनेने उकरून काढण्याची आपल्या लोकांची हौस मला कधी समजलेली नाही.

मधला कान समजावून सांगायला गोव्यातल्या माणसाला दूर जावे लागत नाही. घुमट तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. चवथीच्या आरत्यांना ते वाजते, आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मांड्यातही वाजते आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसावाद्याचा मान दिला. मातीचे हे मडके दुतोंडी असते. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविलेले, पूर्वी घोरपडीचे, आता बकऱ्याचे. मागचे लहान तोंड उघडे. वाजविणारा एका हाताने कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचे तोंड झाकतो, उघडतो. मधला कान म्हणजे असेच एक हवेने भरलेले इवलेसे घुमट. त्याचे कातडे म्हणजे कानाचा पडदा, रुंदी सुमारे ९ ते १० मिलिमीटर. त्याचे मागचे तोंड म्हणजे कानातून घशाकडे उतरणारी नळी. सोळाव्या शतकातील इटलीचा शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नावाने ती ओळखली जाते. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही अंगांची हवा सारखी होते. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना कानात दडा बसतो आणि आवंढा गिळताच तो सुटतो, याचा अनुभव डिचोलीकरांना नवा नाही. २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागल्यावर पेडणेकरांनाही तो घरबसल्या सांगायला मिळाला आहे. तान्ह्या मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांची सर्दी पटकन कानात उतरते. अशा ठणकत्या, वाहत्या कानात गरम तेल ओतणाऱ्या हातांना मी येथे हात जोडतो.

या घुमटाच्या पोटात आणखी एक योजना आहे. पडद्याला टेकून तीन हाडांची साखळी उभी असते: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या अंगातले सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटर. एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. शापोऱ्याच्या पात्रात बुडी मारलेल्या पोराला काठावरून कितीही हाका मारा, त्याला त्या नीट ऐकू येत नाहीत, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळाच परत फिरतो. आतला कान पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे. हवेतला आवाज त्या द्रवात शिरवायचा तर त्याला जोर द्यावा लागतो. पडद्याचा हलणारा भाग रिकिबीच्या पायापेक्षा सुमारे सतरापट मोठा आहे; त्यावर पडलेला सगळा दाब त्या लहानशा पायावर एकवटतो. हाडांच्या तरफेने त्यात आणखी थोडी भर पडते आणि एकूण दाब वीस-बावीसपट होतो.

आतला कान कवटीच्या अतिशय कठीण हाडात कोरलेला आहे. त्याचे दोन भाग. एक तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांचा. तो ऐकण्याचे काम करीत नाही, तोल सांभाळतो. फुगडी थांबली तरी घर फिरत राहते, कारण त्या नळ्यांतला द्रव लगेच थांबत नाही. दुसरा भाग शंखाचा. पावसाळ्यात आमच्या गडग्यांवर गोगलगायी चढतात, त्यांच्या पाठीवरच्या घरासारखी अडीच वेढ्यांची ही नळी, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर. इटालियन शास्त्रज्ञ कोर्ती याने १८५१ साली तिच्यातील केसाळ पेशींच्या रांगांचे वर्णन केले. आवाज या पेशींपर्यंत लाटेसारखा जातो. बारीक, चढे स्वर शंखाच्या तोंडाशीच संपतात आणि खर्जाचे स्वर टोकापर्यंत पोहोचतात. हे दाखवून देणाऱ्या बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींवर असतात. कानात या केसाळ पेशी अवघ्या पंधरा-सोळा हजार. त्या गर्भातच एकदा तयार होतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. नरकासुराच्या रात्री कर्णे लावून छाती हादरविणाऱ्या मंडळींनी ही शिल्लक एकदा ध्यानात घ्यावी.

हे झाले बांधलेले घर. आता ते बांधले कसे जाते ते पाहू, कारण आजींच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे.

प्रथम वाचले तेव्हा मला सर्वांत नवल वाटले ते याचे की बांधकाम आतल्या खोलीपासून सुरू होते. मी आता जे आठवडे सांगेन ते गर्भ राहिल्या दिवसापासूनचे आहेत. चौथ्या आठवड्याच्या आरंभी, साधारण बाविसाव्या दिवशी, गर्भ तिळाएवढा असतो. आईची पाळी चुकून जेमतेम एक आठवडा झालेला असतो. पुष्कळदा तिला स्वतःलाही खात्री नसते. त्या वेळी गर्भाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या थरात, एकेक जाडसर चकती उमटते. ती मध्ये खचते, खळगा होतो, खळग्याच्या कडा एकमेकींकडे येतात आणि मिटतात. नेवरीची पारी हातावर घेऊन कडा जुळवाव्यात, तसेच. फरक एवढाच की या नेवरीत सारणाऐवजी द्रव असतो आणि ती मिटल्यावर कातडीपासून सुटून आत जाते. चौथा आठवडा संपण्याच्या सुमारास ही पिशवी तयार झालेली असते. पुढे तिच्यातूनच एका अंगाला तोलाच्या तीन नळ्या फुटतात आणि दुसऱ्या अंगाला शंख वळू लागतो. आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत त्याचे अडीच वेढे पुरे होतात. शरीरात सर्वांत खोल दडलेले हे इंद्रिय मुळात बाहेरच्या त्वचेच्याच थराचे लेकरू आहे.

मधल्या आणि बाहेरच्या कानाची कुळकथा अगदी निराळी. गर्भाच्या मानेशी दोन्ही बाजूंना कमानीसारखे उंचवटे येतात. माशात अशाच कमानींतून कल्ले होतात. माणसात त्यांचे जबडा, कंठ इत्यादी होतात. पहिल्या, म्हणजे जबड्याच्या कमानीतून हातोडी आणि ऐरण ही हाडे घडतात. रिकीब मुख्यतः दुसऱ्या कमानीची. जर्मन शास्त्रज्ञ रायखर्ट याने १८३७ साली हे दाखवून दिले. सरड्याच्या जबड्याच्या सांध्यात जी हाडे असतात, तीच आपल्या कानात हातोडी आणि ऐरण होऊन बसली आहेत. जबडा आणि कान यांचे हे जुने नाते लक्षात ठेवा. त्या मुलीचीही उजवी हनुवट किंचित आत आहे, हे मला नंतर दिसले.

या दोन कमानींच्या मध्ये आतून, म्हणजे घशाच्या बाजूने, एक खोबण बाहेर सरकते. तीच पुढे मधल्या कानाची पोकळी आणि घशाकडची नळी होते. त्याच वेळी बाहेरून, मानेच्या कातडीतून, दुसरी खोबण आत सरकते. ती बाहेरच्या कानाची नळी. कोकण रेल्वेचे बोगदे डोंगराच्या दोन्ही टोकांनी खणत आणले, हे पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. फक्त येथे दोन तुकड्या भेटत नाहीत. मध्ये एक पातळ भिंत ठेवून थांबतात. ती भिंत म्हणजे कानाचा पडदा. त्याची बाहेरची बाजू कातडीची, आतली बाजू घशाच्या अस्तराची आणि मध्ये दोहोंना धरून ठेवणारे तंतू. जेमतेम दहा मिलिमीटरच्या पडद्यात शरीराच्या तिन्ही थरांची गाठ पडते.

आणि ती बाहेरची पाळी? सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाहेरच्या खोबणीभोवती सहा लहान गोळे उठतात, तीन पहिल्या कमानीवर, तीन दुसऱ्या कमानीवर. स्विस शास्त्रज्ञ हिस याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे वर्णन केले. कुंभाराने ओल्या मातीचे सहा गोळे बोटांनी एकमेकांत दाबून एक आकार करावा, तसे ते गोळे वाढत वाढत एकजीव होतात. तोवर कान डोक्याला नसतोच, मानेशी असतो. खालचा जबडा वाढू लागतो तसा तो वर सरकत डोळ्यांच्या रेषेत येतो. खूप खाली बसलेले कान दिसले की डॉक्टर इतरही तपासण्या करतात, त्याचे कारण हे.

आता त्या मुलीचे पाहा. सहाव्या आठवड्याच्या आसपास तिच्या उजव्या बाजूचे हे गोळे वाढावयाचे थांबले. त्याबरोबर बाहेरच्या बोगद्याचे कामही रखडले. पेडण्याच्या मऊ मातीत रेल्वेचा बोगदा वारंवार ढासळत गेला आणि सगळा मार्ग तयार असूनही तेथेच कित्येक दिवस अडून राहिला, तशी ही स्थिती. मात्र आतल्या कानाची पिशवी वेगळ्या मातीची आणि त्याआधीच तयार झालेली. तिला या खोळंब्याची बाधा बहुधा होत नाही.

येथे कोणी चौकस श्रोता मला अडवील. बाहेरची नळी पुढे पेशींच्या बोळ्याने भरते आणि तो बोळा सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास विरघळून नळी पोकळ होते, असे पुस्तकांत लिहिले आहे. मग त्याच वेळी ग्रहण आले त्याचे काय? याचे उत्तर त्या शेंगदाण्याएवढ्या वळीतच आहे. पाळी पुरी घडून नुसतीच नळी बंद राहिली असती, तर प्रश्नाला जागा होती. येथे पाळीच घडली नाही, म्हणजे काम थांबले ते दुसऱ्या महिन्यात. ग्रहण लागले तेव्हा त्या कानाला तसे होऊन साडेतीन महिने लोटले होते. सूर्यावर चंद्राची सावली आली काय आणि विळीवर दुधी चिरला काय, मागे जाऊन ते काम बिघडविण्याची शक्ती कशातच नव्हती.

मग ते थांबले कशाने? असे मूल काही हजार जन्मांत एखादे होते, बहुधा एकाच बाजूला, आणि त्यातही उजव्या बाजूला अधिक. बहुतेकांत कारण सापडत नाही. काही औषधे मात्र खात्रीने दोषी आहेत. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निर्धास्तपणे विकले गेले. त्याने हातपाय आखडलेली मुले जन्मली हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या आयांनी ते अगदी आरंभीच्या दिवसांत घेतले, त्यांची काही मुले कानांवाचून जन्मली. आजही मुरमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भाच्या कानाला फार घातक आहे. आमच्या उच्च माध्यमिकच्या मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून अशा गोळ्या घेतात असे कानावर येते, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्या मुलीला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्यासाठी मी बराच लकडा लावला. टाळेबंदीमुळे जन्मानंतरची श्रवणतपासणी राहून गेली होती. पुढे "एक कान चांगला आहे ना" म्हणून राहिली. तपासणीत कळले की डावा कान उत्तम आहे आणि उजव्या बाजूला, त्या बंद दाराच्या मागे, आतला कान शाबूत आहे. कंप पावणारे यंत्र कानामागच्या हाडावर टेकवले की तिला त्या बाजूनेही ऐकू येते. सून तेव्हा प्रथमच माझ्याशी बोलली. म्हणाली, "म्हणजे आत आहे?" मी म्हणालो, "आहे, ताई. पूर्ण आहे."

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटलेही, पण त्याच वेळी वीसेक वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, डिचोली तालुक्यात. खाणींचा जोर होता. २०१२ साली त्या बंद पडल्या त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. शाळेसमोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात आणि वर्गात ओरडून शिकवावे लागे. दुसरीतला एक मुलगा होता, दिसायला देखणा, त्याचे कान तर चित्रात काढावेत असे. हाक मारली तर कधी बघे, कधी बघत नसे. शुद्धलेखनात "साप" सांगितले की "आप" लिही, "शेत" सांगितले की "एत". मी त्याला दुर्लक्षी ठरविले, मग खोडकर ठरविले आणि शेवटी त्या काळी मास्तर जे करीत तेच केले: त्याचा कान पिळला. एकदा नव्हे, अनेकदा. तो रडत नसे, माझ्या ओठांकडे टक लावून बघत राही. ते टक लावून बघणे मला उद्धटपणाचे वाटे.

दीड वर्षाने गावात कानांचे शिबिर आले आणि उलगडा झाला. त्याला स्वर ऐकू येत. "स", "श" यांसारखी बारीक, चढ्या सुराची व्यंजने ऐकू येत नसत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी, जेथे चढे सूर उमटतात, त्याच जन्मापासून निकामी होत्या. तो माझ्या ओठांवरून वाचत होता. बाहेरून पाहिले तर कानात काडीचेही वैगुण्य नव्हते, आणि असणार तरी कसे? पाळी कमानींची, शंख त्या नेवरीचा. एकाच्या रूपावरून दुसऱ्याची परीक्षा होऊ शकत नाही. ज्या मुलीचा कान सर्वांनी गेला म्हणून धरले तिचा आतला कान धडधाकट, आणि ज्याचे कान मी चिमटीत धरत होतो त्याचेच आतले गेलेले.

जगात जन्मणाऱ्या दर हजार मुलांत एक-दोन मुले अशी असतात. निम्म्याहून अधिक वेळा कारण आनुवंशिक असते, आणि गंमत अशी की आईबाप दोघेही बहुधा चांगले ऐकणारे असतात. दोष दोघांकडे अर्धा अर्धा लपलेला असतो. उरलेल्यांत काही संसर्ग येतात. त्यातला रुबेला, ज्याला जुनी माणसे जर्मन गोवर म्हणतात, आईला अगदी सौम्य येतो: दोन दिवस कणकण, अंगावर पुरळ. पण तो पहिल्या तीन महिन्यांत आला, तर शंख वळत असतानाच्या कोवळ्या पेशी मारतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील ग्रेग नावाच्या नेत्रवैद्याने जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांच्या आयांना खोदून खोदून विचारले आणि हा धागा सापडला. त्याच मुलांचे बहिरेपण पुढे ध्यानात आले. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोवा होता. आमच्या शाळेत मुलग्यांनाही लस देतात म्हणून काही पालक कुरकुरले होते. मुलग्यांना लस दिली की रोग घरातल्या गरोदर बाईपर्यंत पोहोचत नाही, एवढे साधे आहे ते.

एक गोष्ट मध्येच राहिली. अभिमन्यूने सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूहाची विद्या ऐकली, ही कथा आपण मुलांना सांगतो. गर्भाला ऐकू येते का? येते. गर्भकाळाच्या मध्यापर्यंत शंख पूर्ण मापाचा झालेला असतो आणि सहाव्या महिन्यानंतर मूल आवाजाने दचकू लागते. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखविले की नुकतेच जन्मलेले मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते. व्यूहरचना त्याला कळत नसेल, पण आवाजाचा सूर आणि ठेका तो तीन महिने ऐकत आलेला असतो. म्हणूनच ज्याला ऐकू येत नाही, तो जन्मतःच तीन महिने मागे असतो, आणि प्रत्येक महिन्यागणिक अधिक मागे पडतो. त्यासाठी एका महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा दंडक जगभर मानला जातो. तपासणी अगदी सोपी: झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ बोंडशी ठेवतात. निरोगी शंख आवाज ऐकून स्वतःही एक अतिसूक्ष्म आवाज उलट पाठवितो. केंप या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७८ साली शोधलेला तो प्रतिसाद यंत्र टिपते. सुई नाही, रक्त नाही. तेथे शंका आली तर मेंदूपर्यंतच्या नसांची पुढची तपासणी करतात. पाळीची पुनर्रचनाही होते, बरगडीची कूर्चा घेऊन, पण त्यासाठी मूल थोडे मोठे व्हावे लागते. आपल्या सुश्रुताने तुटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार लिहून ठेवले आहेत, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

बांबोळीच्या तपासणीनंतर मी एकदा त्यांच्या घरी गेलो. आजींना दिनदर्शिकेपुढे बसविले आणि बोटांवर मोजून दाखविले. मुलीचा जन्म एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस पूर्ण भरून. तेथून मागे जायचे, अडतीस आठवडे. गर्भ राहिला जुलैच्या अखेरीस. बाविसावा दिवस ऑगस्टच्या वीस तारखेच्या आसपास. आणि ते सहा गोळे उठण्याचा सहावा आठवडा? सप्टेंबरचा पहिला. २०१९ साली २ सप्टेंबरला चवथ होती.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. सून दारात उभी होती. तिने हळूच सांगितले, "चवथीला मी अजून घरात कोणाला काही बोलले नव्हते."

"म्हणजे आम्ही इथं आरत्या म्हणत होतो, घुमट वाजत होतं, तेव्हा?"

"साधारण तेव्हाच, आजी."

मुलगी आता पहिलीत आहे. वर्गात ती उजव्या भिंतीला लागून बसते, म्हणजे तिचा डावा कान फळ्याकडे आणि मुलांकडे राहतो; नव्या बाईंनाही मी हे सांगून ठेवले आहे. डोक्याला बांधायच्या पट्ट्यावरचे हाडातून ऐकविणारे यंत्र मिळावे म्हणून अर्ज केला आहे. रुमाल बांधणे मात्र गणेशचतुर्थीपासून बंद झाले.